एक आकडा, सतरा बिऱ्हाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘भाजी चिरायला नवी सुरी आणली, तिच्या पात्यावर ४२० कोरलंय. दुकानदार म्हणतो माल चांगला आहे, बायको म्हणते आकडाच सांगतोय, परत करा. त्याच आठवड्यात कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या पुतण्याने ४२० छापलेला टी-शर्ट घालून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. आणि काकांनी प्लॉटच्या फसवणुकीची २०२१ साली दिलेली फिर्याद अजून ४२० खालीच चालू आहे, पण पेपरात तर ते कलम गेलं म्हणतात. हा सगळा एकच ४२० आहे का? याचं मूळ कुठलं?’

नाही, एकच नाही. हे तिन्ही ४२० एकमेकांचे कुणी लागत नाहीत. सुरी परत करू नका, पुतण्याला एक फोन करा आणि काकांचं प्रकरण ४२० खालीच चालणार आहे. घाईत असाल तर एवढं पुरे. सवड असेल तर पुढे वाचा, कारण हा आकडा माझ्या कामातलाही आहे आणि त्याच्यावरून एकतीस वर्षं मी लोकांना हसताना पाहिलंय.

मी सार्वजनिक ग्रंथालयात होते, आधी देवघेवीला आणि मग संदर्भ विभागात. आमच्याकडे ४२० म्हणजे इंग्रजी भाषा. थट्टा करत नाही. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सगळं ज्ञान दहा भागांत वाटलं, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. भाषांना ४०० मिळाले. ४१० भाषाशास्त्र, ४२० इंग्रजी, ४३० जर्मन, ४४० फ्रेंच, ४५० इटालियन, ४६० स्पॅनिश, ४७० लॅटिन, ४८० ग्रीक, आणि उरलेलं सगळं जग ४९० च्या एका खणात. आपली मराठी तिथे दाटीवाटीने ४९१.४६ वर उभी आहे. अलीकडे ४९१.४३ ची हिंदी, पलीकडे ४९१.४७ ची गुजराती. ड्युईसाहेबांवरचा माझा हा राग जुना आहे. पण इंग्रजीला ४२० देताना हिंदुस्थानात याच आकड्याचं काय होणार आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पुस्तकाच्या पाठीवर, खालच्या बाजूला पांढरी चिठ्ठी असते. वर वर्गांक, खाली लेखकाच्या आडनावाची अक्षरं. इंग्रजीच्या कपाटात अशा चिठ्ठ्यांची रांगच: ४२०, ४२०, ४२३, ४२५, ४२८. शब्दकोश ४२३ ला, व्याकरण ४२५ ला. शाळेची पोरं ग्रंथालय बघायला आली की त्यातलं एक हमखास त्या कपाटाशी थांबून मोठ्यानं वाचायचं, ‘चारसोबीस, चारसोबीस’, आणि सगळी रांग फुटायची. बाई लटक्या रागाने आमच्याकडे बघायच्या, जणू चिठ्ठ्या आम्हीच खोडसाळपणे लावल्यात.

एकदा पोलीस भरतीचा अभ्यास करणारा एक मुलगा आला. देवघेवीला न विचारता थेट आमच्या शिपाईमामांना म्हणाला, ‘मामा, ४२० कुठाय?’ मामांनी हाताने कपाट दाखवलं. दहा मिनिटांनी तो परत आला, हातात इंग्रजी शिकवणारं जाडजूड पुस्तक. ‘हे टेन्सचं आहे हो. मला फसवणुकीचं पाहिजे.’ मग म्हणाला, ‘बरं, ३०२ तरी आहे का?’ ३०२ ला आमच्याकडे समाजातले परस्परव्यवहार, त्याच्या पोटात वर्तमानपत्रं नि प्रसारमाध्यमं. खुनाचं काही नाही. त्याला हवं होतं ते ३४५ ला होतं, फौजदारी कायद्याच्या कपाटात. फसवणूक हा गुन्हा म्हणून अभ्यासायचा असेल तर ३६४.१६३. तेव्हापासून मी आकडा ऐकला की आधी विचारते, ‘कुठला?’

हा एक प्रश्न विचारला की निम्मं काम होतं. मारुतीच्या देवळामागे राहतो, असा पत्ता कुणी सांगितला तर आपण पहिल्यांदा गाव विचारतो ना? मारुती गावोगाव आहे. आकड्याचं तसंच. ४२० हा कुठल्यातरी यादीतला, कुठल्यातरी वहीतला ४२० वा असतो. ती वही कुणाची आणि कशाची, हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. एकाच ग्रंथालयात, एकाच पुस्तकावर तीन आकडे असतात: वर्गांक, दाखल क्रमांक आणि कपाटाचा क्रमांक. वर्गांक विषय सांगतो. दाखल क्रमांक फक्त एवढंच सांगतो की पुस्तक कितवं आलं. आमच्या दाखल नोंदवहीत ४२० ला पाककृतींचं पुस्तक होतं आणि त्याचा वर्गांक ६४१.५. तेच आमचं सभासदांचं रजिस्टर काढलंत तर ४१९ नंतर थेट ४२१. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी तो क्रमांक रिकामा ठेवला होता. ‘कुणाच्या माथी मारायचा?’ असं त्यांचं म्हणणं.

दुसरी युक्ती कानाची आहे, आणि ती मराठी माणसाला उपजत येते. आकडा कसा म्हणतात ते ऐका. बाजारात आपण चारशे वीस रुपये मोजतो. कुणीही ‘चारसोबीस रुपये सुटे द्या’ म्हणत नाही. आणि लबाड माणसाला कुणी ‘तो चारशे वीस आहे’ म्हणत नाही, तो चारसोबीसच असतो. मोजायचा आकडा आपला, शिवी मात्र हिंदुस्थानी उच्चारासकट उचललेली, आणि वर तिला आपला प्रत्यय लावून केलेली ‘चारसोबीशी’. म्हणजे भाषेने न सांगता दोघांना दोन नावं देऊन टाकली. कागदावर मात्र दोन्ही ४२०, म्हणून तुमच्या घरात घोटाळा झाला. सुरीवर ‘चारशे वीस’ असं अक्षरी लिहिलं असतं तर वहिनींनी बहुधा किंमत समजून सोडून दिलं असतं.

आता काकांचा ४२०, कारण आपल्याकडे सगळ्यांचा बाप तो.

इंडियन पीनल कोड हा १८६० चा अधिनियम क्रमांक ४५, लागू झाला १ जानेवारी १८६२ पासून. मसुदा त्याच्या कितीतरी आधीचा, मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दिलेला. त्यात फसवणूक एका कलमात संपत नाही. कायद्याच्या मराठीत तिला ‘ठकवणूक’ म्हणतात. ४१५ मध्ये तिची व्याख्या, ४१६ मध्ये तोतयेगिरी. ४१७ ला साध्या ठकवणुकीची शिक्षा, एक वर्षापर्यंत. ४१९ ला तोतयेगिरीची, तीन वर्षांपर्यंत. आणि ४२० ला ती ठकवणूक जिच्यामुळे समोरच्याने विश्वास ठेवून पैसे, दागिना, जमिनीचे कागद असं काही हातातून सोडलं. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड. या शेजाऱ्यांमध्ये फक्त ४२० च लोकांच्या तोंडी का बसला? माझा अंदाज असा की रोजच्या आयुष्यात माणसाची जी फसवणूक होते तिच्यात काहीतरी हातातून गेलेलं असतंच. ठाण्यात लिहिला जाणारा आकडा तोच, वकिलाच्या तोंडचा तोच, पेपरात छापला जाणारा तोच. १९५५ साली ‘श्री ४२०’ हा चित्रपट आला तेव्हा नावाचा खुलासा करायची कुणाला गरज पडली नाही, म्हणजे तोवर हा आकडा घराघरात पोचलेला होता.

संदर्भ विभागात कलम विचारायला येणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागे, काकांनाही ती उपयोगी पडेल. पैसे बुडाले म्हणजे ४२० झाला असं नाही. पैसे घेतानाच समोरच्याच्या मनात बुडवायचं होतं, हे दाखवावं लागतं. व्यवहार प्रामाणिकपणे सुरू झाला आणि पुढे फिसकटला, तर तो दिवाणी दावा. न्यायालयांनी हे इतक्यांदा सांगितलंय की कुठलाही कायद्याचा संग्रह उघडा, सापडेल. म्हणून प्लॉट दाखवला त्या दिवशी विकणाऱ्याच्या नावावर तो होता का, आधीच दुसऱ्याला विकला होता का, याचे कागद महत्त्वाचे. नंतर त्याने किती वेळा फोन उचलला नाही, हे कमी महत्त्वाचं. पुढचं वकिलांना विचारा, मी ग्रंथपाल आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या संहितेत ५११ कलमं होती, नवीत ३५८ आहेत. म्हणजे नव्या पुस्तकात ४२० नावाचं घरच नाही, यादी तिथवर पोचतच नाही. ठकवणूक सगळी ३१८ मध्ये गोळा केलीय आणि काकांच्या गुन्ह्यासारखा गुन्हा ३१८ च्या चौथ्या पोटकलमात बसतो. पण कायदा बदलला म्हणून आधी घडलेला गुन्हा नव्या आकड्याखाली जात नाही. १ जुलै २०२४ च्या आधीचं कृत्य जुन्याच संहितेत. काकांची फिर्यादच २०२१ ची, तेव्हा त्यांच्या कागदांवर शेवटपर्यंत ४२० दिसणार. ती चूक नव्हे.

इथे एक गंमत सांगते, कारण आकड्यांच्या योगायोगाला लोक फार लवकर शरण जातात. जुनी संहिता १८६० चा अधिनियम ४५, आणि नवी २०२३ चा अधिनियम ४५. यावरून ‘बघा, मुद्दाम जुळवलंय’ असं मला एका सुशिक्षित माणसाने सांगितलं. अहो, दरवर्षी संसदेच्या अधिनियमांना एकपासून ओळीने क्रमांक पडतात. २०२३ चा ४४ वा दूरसंचाराचा, ४५ वा हा, ४६ आणि ४७ याच्याच दोन भावंडांचे. रांगेत उभं राहिल्यावर जो नंबर आला तो आला.

आणि आकडे रिकामे राहत नाहीत, त्यांत नवं बिऱ्हाड येतं. नव्या संहितेत ३०२ आहे, पण तो खुनाचा नाही. कुणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काही बोलणं, याचं ते कलम. खून १०३ ला गेला. जुना ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न. नव्यात तो १०९, आणि नवा ३०७ एका प्रकारच्या चोरीचा. ‘तीनशे दोन लागेल’ हे पोलिसांच्या, वकिलांच्या आणि नाटकातल्या पात्रांच्या तोंडून पुढची कित्येक वर्षं जाणार नाही, आणि ऐकणाऱ्याला दर वेळी विचारावं लागणार: जुना की नवा? आमच्याकडे जुन्या आवृत्तीची पुस्तकं बाद करताना हाच प्रश्न पडायचा.

नाव सारखं आणि नातंही खरं, असे ४२० सुद्धा आहेत बरं का. पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमार, सिंगापूर, मलेशिया, या सगळ्यांच्या दंडसंहिता मेकॉलेच्याच मसुद्याच्या लेकी, आणि तिथेही ४२० म्हणजे ठकवणूकच. ही खरी भावकी. लाहोरचा माणूस कुणाला चारसौबीस म्हणतो तेव्हा तो आपलाच शब्द बोलतो. श्रीलंकेनेही तोच कायदा घेतला पण कलमांची मांडणी बदलली, त्यामुळे तिथे हाच गुन्हा ४०३ वर आहे. रक्ताचं नातं आहे, नाव वेगळं. उलट नायजेरिया बघा. तिकडे ठकाला म्हणतात ‘फोर वन नाइन’. तुमचा कुणी दूरचा श्रीमंत नातेवाईक वारला, थोडे पैसे भरलेत तर वारसा तुम्हाला, अशी जी ईमेल येतात, त्यांना जगभर ४१९ हेच नाव पडलंय. ४१९ आणि ४२०, दोन्ही फसवणूक, किती शेजारी! पण नायजेरियाची ती फौजदारी संहिता ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संहितेवरून घेतलेली. मेकॉलेच्या वहीशी तिचा संबंध नाही. शेजारी दिसतात, पण वह्या वेगळ्या.

हे माहीत असतं तर पंधराव्या लोकसभेतला उपाय जरा कमी गमतीचा वाटला असता. ४२० क्रमांकाचं आसन कुणाला नको, म्हणून त्याला ४१९-अ केलं गेलं. म्हणजे चारसोबीसपासून सुटका करून घेताना नायजेरियाच्या दारात जाऊन बसले. आमच्या जुन्या ग्रंथपालांचा रिकामा क्रमांक बरा म्हणायचा.

आता पुतण्या. तो ज्या ४२० चा शर्ट घालून उभा आहे तो मुळात आकडाच नाही, ती वेळ आहे: चार वाजून वीस मिनिटं. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल गावच्या शाळेतल्या पाच मुलांच्या टोळक्याने १९७१ साली शाळा सुटल्यावर आवारातल्या लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी चार-वीसला भेटायचं ठरवलं. पॉइंट रेयेसच्या बाजूला कुणीतरी लावून सोडून दिलेली गांजाची झाडं आहेत असं त्यांच्या कानावर आलं होतं, ती शोधायला. झाडं सापडली नाहीत. वेळ मात्र त्यांच्यात गांजाची खूण म्हणून राहिली. पुढे ती ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या चाहत्यांमध्ये पसरली, १९९० च्या आसपास पत्रकांवर आणि मग नियतकालिकात छापून आली, आणि जगभर गेली. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून २० एप्रिल हा दिवसही तिने काबीज केला. आपल्या पद्धतीने लिहिलंत तर ४/२० अशी तारीखच होत नाही, विसावा महिना कुठून आणणार?

व्हॉट्सअ‍ॅपवर याची दुसरी कुळकथा फिरते: ४२० हा कॅलिफोर्निया पोलिसांचा गांजासाठीचा सांकेतिक आकडा होता, किंवा तिथल्या दंडसंहितेचं कलम. कलम ४२० तिथेही आहे, पण ते सार्वजनिक जमिनीवर कुणाला जाण्यापासून अडवण्याबद्दल आहे. गांजाशी त्याचा काही संबंध नाही. २० एप्रिल हा हिटलरचा जन्मदिवस, हेही कुणीतरी यात घुसडतं. जन्मदिवस खरा, १८८९ चा. नातं खोटं. कुळकथा तपासायची माझी पद्धत सोपी आहे: जोडणारा माणूस, कागद किंवा वही दाखवा. नुसता आकडा जुळतो, हा पुरावा नाही.

कधीकधी मात्र आकडा मुद्दाम ओढून आणलेला असतो. २००३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात औषधी गांजाचं जे विधेयक झालं त्याचा क्रमांक ४२०. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग ७० वरचा ४२० व्या मैलाचा फलक लोक इतक्यांदा उपटून नेत की रस्तेवाल्यांनी शेवटी तिथे ४१९.९९ असा फलक लावला. आपलं ४१९-अ आणि त्यांचं ४१९.९९, कारणं अगदी उलटी! आपल्याकडे आकडा कुणाला नको होता, तिकडे तो प्रत्येकाला घरी न्यायचा होता.

दोन बिऱ्हाडांची एकदाच समोरासमोर गाठ पडली, २०१८ च्या ऑगस्टमध्ये. इलॉन मस्क यांनी टेस्लाचे शेअर ४२० डॉलर भावाने घेऊन कंपनी खासगी करण्याचा विचार असल्याचं ट्विटरवर लिहिलं. अमेरिकेच्या रोखे आयोगाने गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याची फिर्याद केली. त्या फिर्यादीत असंही होतं की हिशेबाने भाव ४१९ येत होता, तो गांजाच्या संदर्भासाठी वर ४२० केला. आरोप कबूल वा नाकबूल न करता मस्क आणि कंपनी यांनी दोन-दोन कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. तिकडचे लोक ४२० वाचून गांजाचे विनोद करत होते. इकडे आमच्या वाचनकक्षात सकाळच्या पेपरावर मान घालून बसलेले आजोबा म्हणाले, ‘आकडा तर बघा कुठला निवडला!’ त्यांच्या मनात गांजा नव्हता.

तर पुतण्याला फोन एवढ्यासाठी करा: कॅलिफोर्नियात एकवीस वर्षांवरच्यांना गांजाला राज्याची परवानगी आहे, पण अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने नाही. व्हिसाचं काम संघराज्याकडे असतं. परदेशी विद्यार्थ्याने त्या बाबतीत स्वतःहून कागदावर किंवा फोटोत काही मागे ठेवू नये. शर्ट हा गुन्हा नाही, हे आजीला सांगा. पण त्याचा अर्थ पुतण्याला ठाऊक नसेल, असं मात्र समजू नका.

बाकीची बिऱ्हाडं पटकन दाखवते. शिडाच्या होड्यांत ४२० नावाची दोघांनी चालवायची होडी आहे, फ्रान्समध्ये १९५९ साली क्रिस्तियां मोरी यांनी आखलेली. तिची लांबी ४.२० मीटर. हा आकडा रांगेतला नाही, मोजलेला आहे, टेप लावून खरा करता येतो. तिची थोरली बहीण ४७०, ४.७० मीटरची, ऑलिंपिकमध्ये असते. व्हिडिओवाल्यांचा ४२० तर तीन सुटे आकडे आहेत, ‘चार-दोन-शून्य’ असे वाचायचे. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून रंगाची माहिती कमी साठवायची, त्या प्रमाणाची ती खूण. तुमच्या मोबाइलवरचे बहुतेक व्हिडिओ असेच असतात. गणितात ४२० ला एक ते सातपर्यंतच्या प्रत्येक संख्येने भाग जातो, आणि असा तो सगळ्यांत लहान आकडा. आणि इसवी सन ४२० मध्ये संत जेरोम वारले, ज्यांना ख्रिस्ती परंपरेत भाषांतरकारांचे आणि ग्रंथपालांचे रक्षक मानतात. म्हटलं तर माझा स्वतःचा ४२० हाही.

आता सुरी. वहिनींचा संशय मला समजतो, पण त्या पात्यावरचा आकडा पोलादाच्या जातीचा आहे. अमेरिकेतल्या पोलाद उद्योगाच्या संस्थेने जाती लावल्या, त्यात तीनशेच्या रांगेत निकेल असलेली स्टेनलेस पोलादं आणि चारशेच्या रांगेत जवळजवळ निकेल नसलेली. दोनशेच्या रांगेत निकेल वाचवून मँगेनीज घातलेली, स्वस्त भांड्यांत असतात ती. ४२० मध्ये क्रोमियम बारा ते चौदा टक्के, आणि कार्बन भांड्याच्या पोलादापेक्षा जास्त. या कार्बनमुळे ते तापवून थंड केलं की कडक होतं, म्हणून त्याला धार लागते. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने जे न गंजणारं पोलाद केलं ते याच घराण्यातलं, आणि त्याचा पहिला मोठा उपयोगही सुऱ्या-काट्यांसाठीच झाला. कात्र्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारंसुद्धा ४२० ची असतात. ज्याने पात्यावर ४२० कोरलं त्याने खरं तर तुम्हाला माल कसला आहे ते लिहून दिलंय, फसवणारा तेवढं करत नाही.

फार भारी पोलाद नाही हे मात्र खरं. धार लवकर लागते आणि लवकर जाते, पंधरा-वीस दिवसांनी दगडावर दोन हात मारावे लागतील. न गंजणारं म्हणतात, पण क्रोमियम कमी असल्यामुळे चिंच-लिंबू लागलेली सुरी रात्रभर मोरीत ओली पडली तर सकाळी ठिपके दिसतील. धुऊन, पुसून ठेवा. हाडं फोडायला किंवा डब्याचं झाकण उचकटायला वापरू नका.

वहिनींना पटवायला एक करा. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आधी सुरीला लावा, टपकन चिकटेल. मग पोळ्यांच्या डब्याला लावा. स्टीलचा चांगला डबा असेल तर ते घसरून खाली पडेल, फार तर वळवलेल्या काठाशी जराशी ओढ जाणवेल. (दोनशेच्या रांगेतला स्वस्त डबाही असाच वागतो, तेव्हा चुंबकावरून डब्याची पारख करू नका, सुरीपुरतं ठीक.) मग डबा उलटा करून तळाशी बघा. दुकानात ज्याचे दोन पैसे जास्त घेतात त्या डब्यावर ३०४ असं कोरलेलं असतं, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. जुन्या दंडसंहितेत ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध. इतकी वर्षं त्यातल्या पोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या, कुणी तक्रार केली नाही.